पाणचक्कीपुढची रांग

२ डिसेंबर, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पो शिळफाट्याला अडकला, कल्याणात पुन्हा अडकला, आणि मोहन्याच्या पुढे कॉलेजच्या गेटात शिरेपर्यंत दुपार टळली. आई सगळा रस्ता ड्रायव्हरशेजारी बसून होती. मांडीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, मधे साडीची घडी, काच काचेला लागू नये म्हणून. सामानात ठेवायला तयारच नव्हती.

क्वार्टर बघून मात्र तिचा चेहरा खुलला. दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर, आणि नळाला दिवसभर पाणी. कळव्याच्या चाळीत जन्मभर पाण्यासाठी बादल्या लावलेली बाई. तिने नळ सोडला, बंद केला, परत सोडला आणि मला हाक मारून म्हणाली, ''कल्पे, हे तर येतंच आहे गं!'' मग तसबिरी लावल्या, मेणबत्ती लावली, आणि आम्ही दोघींनी खाली बसून डब्यातली पोळी-भाजी खाल्ली.

मलाही आज फार हलकं वाटतंय. इतकी वर्षं तासिका तत्त्वावर या कॉलेजातून त्या कॉलेजात धावले. आता इतिहास विभागात पूर्ण वेळ. करारावर का होईना. शेजारच्या क्वार्टरमध्ये बॉटनीची मृणाल एकटीच राहते. ती चहाचा थर्मास घेऊन आली, आणि चहासोबत साऱ्या स्टाफच्या कुचाळक्याही. जमेल आमचं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून उल्हास नदी दिसते, आणि काठावर ती पाणचक्की. बुटकी, दगडी, कौलारू. तिचा इतिहास लिहायचा म्हणून तर मला घेतलंय. नदीच्या बाजूला नवंकोरं मोठं लाकडी चाक बसवलंय, तेल पाजलेलं, उन्हात चकाकत होतं. आई म्हणाली, जत्रेतल्या पाळण्यासारखं दिसतं.

४ डिसेंबर, बुधवार

प्राचार्य विनीत कर्णिक सरांनी स्वतः चक्की दाखवली. ठाण्याचे आहेत, शुद्ध, हळू बोलतात, आणि चक्कीबद्दल बोलताना लहान मुलासारखे होतात.

रचना साधी आहे. नदीत वरच्या अंगाला जुना बंधारा, तिथून दगडी पाट काढलेला. पाटाच्या तोंडाशी एक जाड फळी. ती उचलली की पाणी सुटतं, चाक फिरतं आणि आत वरची तळी, म्हणजे जात्याचा वरचा दगड, फिरू लागते. दोन्ही तळ्या मूळच्याच आहेत, काळ्या दगडाच्या, माणूस आडवा झोपेल एवढ्या. त्यांच्यावर धान्य ओतायची लाकडी पेटी, आणि पीठ खाली एका दगडी कुंडीत पडायचं. रस्त्याकडून एक दार, नदीकडे दुसरं. लोक दळण घेऊन पुढून यायचे आणि पीठ घेऊन मागून जायचे, असं सर म्हणाले.

कुणा कंत्राटदाराने रेल्वेची कामं चालू असताना ती बांधली. मग बंद पडली. का, ते कुणालाच माहीत नाही. कॉलेज आल्यावर इथे क्रिकेटच्या मॅटी आणि कबड्डीच्या गाद्या ठेवायचे. यंदा कॉलेजला पन्नास वर्षं झाली, त्यातच मूल्यांकन समिती येणार, म्हणून माजी विद्यार्थ्यांनी खर्च करून चक्की दुरुस्त केली. समिती बारा तारखेला येते. त्यांच्यासमोर चक्की चालवायची आणि पुस्तिकेचा मसुदा त्यांच्या हातात द्यायचा. मी हो म्हटलं. एवढ्या दिवसांत काय लिहिणार देव जाणे, असं मृणाल म्हणाली. मी म्हटलं, आमच्यात देव नाहीत, मलाच लिहायला लागणार.

७ डिसेंबर, शनिवार

आई काल दादरला जाऊन आली. सहा डिसेंबर तिने कधी चुकवलेला नाही. मी म्हटलं होतं, यंदा गर्दीत नको जाऊस. ऐकते कसली. महापालिकेच्या हॉस्पिटलात वॉर्डाची आया म्हणून सगळी नोकरी उभ्याने काढली तिने. आली ती दोन पुस्तकं, पायाला फोड आणि सपाटून भूक घेऊन. भाताचं पातेलं आम्ही दोघींनी संपवलं. हात धुताना बांगड्या काढायला गेली, तर साबण लावूनही निघेनात. म्हणते, क्वार्टरचं पाणी मानवलं मला.

९ डिसेंबर, सोमवार

आज खरी हाती लागली कुणीतरी. गेटाबाहेर मंजुळा म्हात्रे नावाची म्हातारी वालाच्या शेंगा आणि मुळा घेऊन बसते. नदीकाठच्या गावातली, आगरी. मी शेंगा घेता घेता चक्कीचा विषय काढला.  मग तिने सासूकडून ऐकलेलं सांगितलं, तेही सासूला तिच्या सासूने सांगितलेलं.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा घाटावरून माणसं पायी खाली उतरली. कंत्राटदाराने त्यांना खडी फोडायच्या कामाला लावलं. मजुरी म्हणून पीठ द्यायचं सरकारने ठरवलेलं. धान्य काही आलं नाही, का आलं आणि भलतीकडे गेलं, ते तिला माहीत नाही. तपासणीला साहेब येणार म्हणून कंत्राटदाराने चक्की रिकामीच चालवली. लोकांना पातेली, गाडगी घेऊन पुढे उभं केलं. साहेबाने घरघर ऐकली, रांग पाहिली, आणि गेला. पण रांग हलली नाही.

मी विचारलं, पीठ नाही हे कळल्यावर तरी लोक गेले असतील ना?

मंजुळाबाई म्हणाली, ''आवाज आयकला का मानूस थांबतंय गो बाय. मंग पीठ असूं दे नायतर नसूं दे.''

''मग?''

''मंग काय. मिलाला त्यांना पीठ.''

कुठून मिळालं विचारलं तर म्हणाली, मना काय ठाव, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाला मुळा बांधून द्यायला लागली.

सगळं इथे जसंच्या तसं उतरवून ठेवते. पुस्तिकेत घालायला सर कितपत राजी होतील शंका आहे, पण इतकी जिवंत हकिकत कितीतरी दिवसांत मिळाली नव्हती. आईला वाचून दाखवली. ती शेंगा सोलता सोलता म्हणाली, रिकामी चालवायला नको होती.

१२ डिसेंबर, गुरुवार

समिती येऊन गेली. कार्यक्रम छान झाला म्हणायला हवं.

सकाळी चक्कीपुढे रांगोळी, सनई, सगळं. धान्य मात्र पेटीत नव्हतं. तळ्यांना नव्याने टाकी लावलीय, छिन्नीने खाचा पाडल्यात, पिठात दगडाची कच येईल आणि पाहुण्यांच्या दाताखाली जाईल, म्हणून सरांनी ठरवलं की नुसतीच चालवून दाखवायची. आईही बघायला आली होती. तिने सरांना गाठलं. मला संकोच वाटला, पण ती बोललीच. म्हणाली, ''सर, जातं रिकामं ओढत नाहीत. दगड दगडाला खातो. मूठभर तांदूळ तरी टाका.'' सर हसून म्हणाले, पुढच्या वेळी नक्की, आजी.

पोपट नावाचा सिक्युरिटीवाला आहे, त्याने फळी उचलली. पाणी सुटलं, चाक एकदा कुरकुरलं आणि फिरलं. आतून घरघर सुरू झाली. जमिनीतून पायात चढते ती. टाळ्या झाल्या.

आणि टाळ्या थांबल्यावर कुणी हललंच नाही. समितीचे लोक, स्टाफ, पोरं, सगळे तिथेच, चक्कीच्या दाराकडे तोंड करून. किती वेळ, ते मला नीट सांगता येत नाही. कुणाच्या तरी मोबाइलची रिंग वाजली तेव्हा सगळे दचकून हसले. पोपटने फळी खाली टाकली.

जेवणावर सगळे तुटून पडले. दोनशे पानांचा स्वयंपाक होता, तो पुरला नाही. समितीच्या अध्यक्षबाईंनी रिकाम्या भांड्यात डाव फिरवून तो चाटला. मी पाहिलं. मृणालनेही पाहिलं. नंतर आम्ही दोघी त्यावर हसलो.

१४ डिसेंबर, शनिवार

फळी खाली आहे, पण चाक फिरतंय. हळू, पण फिरतंय. पोपट म्हणतो, फळी फुगली असेल, कडेनं पाणी झिरपतंय. मी जाऊन पाहिलं. पाट कोरडा होता. तळाशी शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेत.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, ज्याने चाक बसवलं तो उल्हासनगरचा फॅब्रिकेटर सोमवारी येईल, बेअरिंगचं काही असणार. असेल. मला त्यातलं कळत नाही.

घरघर स्वयंपाकघरात सारखी ऐकू येते. आई तिच्या तालावर डोकं हलवत भाजी चिरते. मी सांगितलं की थांबते, पुन्हा हलवायला लागते.

१७ डिसेंबर, मंगळवार

पोपट आज सकाळपासून ड्युटी सोडून चक्कीच्या दारापुढे उभा होता. हातात जेवणाचा डबा, उघडा, रिकामा. पोरांनी रील काढलं. कुणी विचारलं की म्हणायचा, ''आलाय नंबर, आलाय.'' त्याच्या पुढे कुणी नव्हतं.

दुपारी त्याच्या मागे दोघं उभे होते. एक कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा. दुसरी एफवायची मुलगी, पाण्याची बाटली घेऊन.

फॅब्रिकेटर काल आला नाही, आज आला. आत गेला आणि मागच्या दाराने नदीकडून बाहेर पडला. सरांनी हाक मारली तर वळला नाही. हेल्मेट दोन्ही हातांत परडीसारखं धरलं होतं, आणि ते काठोकाठ भरलेलं होतं कशाने तरी, पांढऱ्या.

१९ डिसेंबर, गुरुवार

लेक्चर संपवून घरी आले तर आई भाकऱ्या थापत होती. मी विचारलं, पीठ कुठलं? म्हणाली, चक्कीवरून आणलं. इतक्या सहज म्हणाली.

तिचा तो कडीचा स्टीलचा डबा, हॉस्पिटलात न्यायची तो. काठोकाठ भरलेला. मी उचलला तर रिकाम्या डब्याइतकाच हलका. पीठ पांढरं, दुधासारखं नाही, हाडासारखं. चिमटीत धरलं तर बोटांना काही लागत नव्हतं.

आईने मला भाकरी वाढली नाही. सगळ्या स्वतः खाल्ल्या, तव्यावरच्या गरम गरम. आणि म्हणाली, ''आत्ता पोट भरलं बघ. बारा तारखेपासून भरतच नव्हतं.'' तिने मला आधी का नाही सांगितलं? मी विचारायला हवं होतं. माझ्या पानात भात वाढून ती चक्कीच्या आवाजाकडे कान लावून बसायची आणि मला वाटायचं, म्हातारपणामुळे जेवण कमी झालंय तिचं.

उरलेलं पीठ मी मोरीत ओतलं आणि नळ सोडला. पाणी त्यावरून ओघळून गेलं. पीठ भिजलं नाही. तसंच राहिलं, कोरडं, ढिगासारखं. शेवटी कागदाने भरून बाहेर टाकलं.

आईने बांगड्या काढून खिडकीत ठेवल्यात. म्हणते, सारख्या गळून पडतात.

२१ डिसेंबर, शनिवार

आज पाहिलं मी.

आई रांगेत होती. रांग आता रांगोळीच्या जागेपासून झेंड्याच्या खांबापर्यंत जाते. तिचा नंबर लागला तेव्हा मी धावत नदीच्या बाजूला गेले आणि मागच्या दारातून आत डोकावले. भर दुपार होती, कौलांतून उन्हाचे कवडसे पडले होते, सगळं स्वच्छ दिसत होतं. आत काहीही नाही. पोती नाहीत, माणूस नाही. वरची तळी फिरतेय.

आई तिच्याजवळ गेली. डबा कुंडीत ठेवला. मग जात्यात घास घालतात तसा हात नेला. आधी मूठ छातीशी, मग पेटीवर, आणि उघडली. मुठीत काही नव्हतं. परत छातीशी, परत पेटीवर. शांतपणे. लहानपणी आजीबरोबर दळायला बसायची तेव्हा असंच घालत असणार. आणि प्रत्येक घासासरशी खाली पीठ पडत होतं.

मी ओरडले. आवाज माझ्याच कानांपर्यंत पोचला नाही, इतकी घरघर.

बाहेर आली तेव्हा मी तिचा दंड धरला. हाताची बोटं दंडाभोवती मिळाली. डबा हिसकावला, तर ती रडायला लागली. माझ्या आईला मी रडताना एकदाच पाहिलंय, बाबा गेले तेव्हा.

२४ डिसेंबर, मंगळवार

कल्याणला डॉक्टरांकडे नेलं. रक्त, सोनोग्राफी, सगळं केलं. सगळं नॉर्मल. वजन मात्र एका शाळकरी मुलीएवढं. डॉक्टर म्हणाले, नीट जेवताहेत का? आई म्हणाली, पोटभर.

तिथून तिला परत आणलंच नाही. सरळ कळव्याला नेलं, आमच्या जुन्या चाळीत, मेघालीकडे. मेघाली माझी लहानपणापासूनची मैत्रीण, खोली समोरासमोर होती आमची. तिने एक शब्द न विचारता गादी घातली. मला वाटलं, आवाज नाही तिथे सुटेल आई.

संध्याकाळी पाहिलं तर आई गॅलरीच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभी. हातात मेघालीचं पातेलं. भिंतीत काही नाही, दार नाही, नळ नाही. आणि तिच्या मागे, थोडं अंतर सोडून, तळमजल्यावरची चंदूची बायको. तिच्या मागे आणखी दोघी. सगळ्यांच्या हातात भांडी. मी चंदूच्या बायकोला विचारलं, कशाला उभ्या आहात? ती म्हणाली, ''काय माहीत गं. रांग दिसली. काहीतरी मिळत असणार.''

मेघाली दारात आली होती. तिच्या हातात वाटी होती.

मी वाटी फेकली. आईला उचललं, खरंच उचललं, कडेवर, आणि रिक्षात घातलं. मेघाली मागून हाका मारत होती, काय झालं, काय चुकलं माझं.  आई चाळीत राहिली असती तर चाळ गेली असती. तिला कुठेच नेता येणार नाही. आता इथेच.

२७ डिसेंबर, शुक्रवार

रांग गेटाबाहेर गेली. पोरं, त्यांचे आईबाप, गावातले लोक. बोलत नाहीत. ढकलाढकली नाही. परीक्षा रद्द झाल्यात, कुणी जाहीर केल्या नाहीत, नुसत्या झाल्या.

मृणाल रांगेत आहे. मी तिला सांगायला गेले तर तिने थर्मास पुढे करून दाखवला, तोच, पहिल्या दिवशीचा, आणि म्हणाली, अगं, पुढे घेते ना तुला, ये. चेहरा मृणालचाच. गालांची हाडं तेवढी वेगळी.

कर्णिक सरांनी चाक तोडायला माणसं आणली होती. पहारी, करवत, सगळं घेऊन. दुपारपर्यंत ती माणसं रांगेत. टिकाव, पहारी गवतात पडून होत्या. मी एक पहार उचलली आणि चाकात घातली. चाक थांबलं नाही. पहार वाकली, पेन्सिलीसारखी, आणि आत ओढली गेली.

पोलीस आले. दोघे. लोक शांततेत उभे आहेत, तक्रार कसली घ्यायची, असं म्हणाले. त्यातला तरुण बोलता बोलता ऐकत राहिला. मग त्याने टोपी काढली. उलटी धरली.

३० डिसेंबर, सोमवार

मंजुळाबाई गेटावर बसत नाही म्हणून तिच्या घरी गेले. टेम्पोत भांडीकुंडी भरत होते, मुलगा पनवेलला नेतोय सगळ्यांना. तिच्या कानांत कापूस कोंबलेला. मी हात जोडले. ओरडून विचारलं, तेव्हा ते थांबलं कसं? काहीतरी केलं असेल ना कुणीतरी?

तिने हातातलं गाठोडं खाली ठेवलं. मग म्हणाली, ''कोनी काय नाय केला. रांगेत कोन उरला नाय, तवा थांबली.''

मुलाने तिला उचलून टेम्पोत बसवलं. जाताना म्हणाली, तू पन जा गो बाय, आईला सोर आन जा.

मी घरी आले.

१ जानेवारी

आज आई भीमा कोरेगावला असायला हवी होती. दर वर्षी कल्याण पूर्वेहून बस सुटते, पुढची सीट तिची. पांढरी साडी तिने काढून नेसली. मला क्षणभर वाटलं, आठवलं तिला. मग डबा घेतला.

मी दाराला कडी घातली. तिला पलंगाला बांधलं, माझ्या ओढण्यांनी, गाठी सैल ठेवून. ती आधी समजूत घालत राहिली माझी. मग हाक मारायला लागली, मला नाही, तिच्या आईला. आई भूक लागली. आई भूक लागली. लहान मुलीच्या आवाजात. मी वरणभात कालवून भरवला, ती गिळत गेली, पातेलं संपलं, आणि पुन्हा तेच. भूक लागली. डाळ, गूळ, कच्चे पोहे, घरात होतं नव्हतं ते सगळं. भूक लागली.

संध्याकाळपर्यंत ऐकलं.

गाठी सोडल्या मी. मीच सोडल्या. दार उघडलं, डबा तिच्या हातात दिला. ती हसली आणि माझ्या गालावर हात ठेवला. हात होता की नाही ते—

३ जानेवारी

मोहन्याच्या बाजारातून तांदळाचं पोतं आणलं. रिक्षावाल्याने गेटापाशी टाकलं आणि पळाला. एकटीने ओढत नेलं. मागच्या दाराने आत. पेटीत ओतलं, सगळं. रिकामी आहे म्हणून खाते ना— मग घे— खा—

आवाज बदलला. जड झाला. खरंच पीठ पडायला लागलं, तांदळाचं, कचीचं, गरम. वास आला. कुंडी भरून वाहिली. मी पुढच्या दारात येऊन ओरडले, या, पीठ आलंय, खरं पीठ, घ्या.

कुणी वाकलं नाही. त्यावरून पाय देऊन एकेक जण आत आला. छातीशी मूठ. पेटीवर.

कर्णिक सर होते. हातात पुस्तिकेच्या मसुद्याची फाईल, द्रोणासारखी दुमडलेली. मला म्हणाले, बाई, जरा बाजूला व्हा, मागे लोक खोळंबलेत.

४ जानेवारी

मृणालचा थर्मास नदीकडच्या पायऱ्यांवर आडवा. ती नाही. तिच्या क्वार्टरमध्ये नाही. कुठेच—

मला भूक लागली आहे. साधी असेल. कालपासून जेवलेच नाही.

५ जानेवारी

साधी नाही.

७ जानेवारी

आई आत गेली. मी मागच्या दाराशी थांबले. वाट पाहिली. पांढरी साडी आली पाण्याबरोबर पाटातून— पाट कोरडा आहे— पाणी नव्हतं, तरी साडी आली— हळूहळू, पसरलेली—

डबा कुंडीत. भरलेला. कडी लावलेली. ती नेहमी लावायची.

घेऊन आले.

समोर ठेवलाय. उघडणार नाही. उद्या नदीत— नाही, नदीत नाही. पुरते. खणायचं कशाने—

८ जानेवारी

वास येतोय डब्यातून. कपूरकचरी, आणि हॉस्पिटलच्या फिनेलचा. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी तिच्या पदराला यायचा तो.

खूप भूक आहे. भिंतीचा पोपडा खाल्ला. उलटीही होत नाही.

९

पाणी घातल्यावर भिजलं या वेळी. हाताला लागलं. मऊ.

थापली. एकच.

आई—

पोट भरलं. कित्येक दिवसांनी. रडू येत नाही. बाबासाहेबांची तसबीर उलटी करून ठेवली, माझ्याकडे बघू नये त्यांनी.

१२ असेल

उभ्याने लिहितेय. वही डब्यावर धरून. पुढे पोरं होती, ती गेली आत. आता पुढे तो तरुण पोलीस, मग मी. तो किती पातळ झालाय, उन्हात त्याच्यामागचं दार दिसतं.

पाय मागे घेते. घेतच नाहीत ते. सकाळपासून प्रयत्न—

लिहिता येतंय अजून. हात माझा आहे अजून.

मागे कुणीतरी येऊन थांबलंय. बाई आहे. नवी आहे, गावातली नाही, हातात पिशव्या, कडेवर मूल. घामाघूम. हसून विचारतेय, ताई, रांग कशाची? तोंड उघडलं तर दुसरंच काही बाहेर येईल म्हणून बोलत नाही. लिहून दाखवते तिला. मोठ्या अक्षरात.

बाई, इथे थांबू नका. मुलाला घेऊन आत्ताच्या आत्ता निघा, मागे वळून बघू नका, कान झाका, आणि माझ्या मागे उभ्या राहा, भांडं नसेल तर ओंजळ चालते, रांग लवकर